आमच्याकडचा बर्फ

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक व्हिडिओ फिरतो. बर्फ उधळत इंजिन येतं, फलाटावरची माणसं पांढरीफटक होतात. खाली ओळ: 'बघा! आणि आपल्याकडे चार थेंब पडले की लोकल बंद.' यंदा तो तळमजल्यावरच्या काकांनी टाकला, वर मला विचारलं, 'काय रे, खरं ना?'

नाही काका, खरं नाही.

टोरोंटोच्या पश्चिमेला एका उपनगरात मी चौदा वर्षं राहतोय. फेब्रुवारी 2025 मध्ये टोरोंटोत आठवडाभरात अर्ध्या मीटरहून जास्त बर्फ पडला आणि रस्त्याकडेचे ढीग उचलायला कित्येक आठवडे गेले. त्याच दिवसांत रुळांच्या सांध्यात बर्फ अडकला म्हणून आमची ट्रेन दोन स्टेशनांच्या मधे पन्नास मिनिटं उभी होती. डब्यात चिडीचूप. मुलुंड-ठाण्याच्या मधे गाडी एवढा वेळ थांबली असती तर समोरच्याची मुलगी बारावीला आहे आणि तिला गणित जात नाही, इतकं तरी मला कळलं असतं. जानेवारी 1999 मध्ये तर इथल्या महापौरांनी, मेल लास्टमन यांनी, बर्फ उपसायला चक्क लष्कर बोलावलं होतं. बाकीचा कॅनडा त्यावरून अजून हसतो.

उलट 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर बर्फ होतो. म्हणजे तेवढं पाणी इथे बर्फ होऊन पडलं असतं तर नऊ मीटरच्या वर! काकांच्या खिडक्या सोडाच, दुसरा मजलाही दिसला नसता. मग बघितलं असतं कोणाच्या गाड्या वेळेवर धावतात ते. (तुंबलेल्या नाल्यांचा विषय मी इथे सोयीस्कररीत्या सोडून देतोय, कबूल.)

आणि बर्फ ट्रेनपुरता नसतो. पहाटे साडेपाचला उठून ड्राइव्हवे साफ करायचा, फावडं आत ठेवायचं, तोच प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, येतो आणि तोंडाशी कमरेएवढा बांध घालून जातो. बाग वेगळीच. कुंपणाला माझे पाच थुजा आहेत, आपल्या मोरपंखीसारखी झाडं. नोव्हेंबरात त्यांना दोरीने गुंडाळून ठेवायचं असतं, ते मी आळसाने टाळलं. ओला, जड बर्फ बसला आणि मधला थुजा शेंड्यापासून उकलला, विळीवर फणस चिरावा तसा. मी झाडूने खालून वर हलके झटके देत बर्फ पाडला. वरून बडवलं की फांदी मोडते, आणि गोठून कडक झाला असेल तर हातच लावायचा नाही. दोन्ही अंगं जवळ आणून बांधायला घरात दोरी सापडेना. सापडली ती आईच्या परकराची नाडी, ती आली होती तेव्हा कपाटात राहिलेली. 2005 च्या पावसात कललेला पारिजातक तिने असल्याच नाडीने खिडकीच्या गजाला बांधला होता.

हे सगळं काकांना लिहायला बसलो आणि जुने मेसेज चाळत वर गेलो. जानेवारी 2015. गुडघाभर बर्फात उभ्या ट्रेनचा फोटो, खाली ओळ: 'आमच्याकडे एवढ्या बर्फातही गाड्या वेळेवर. आपले लोक कधी शिकणार?' पाठवणारा मी.

'आमच्याकडे' आणि 'आपले', दोन्ही एकाच मेसेजमध्ये. ऑफिसात कोणी जरा जोराच्या सरीला घाबरलं की मी म्हणतो, 'आमच्याकडे याला पाऊस म्हणत नाहीत.' तेव्हा आमच्याकडे म्हणजे तलावपाळी असते. ग्रुपवर मात्र कॅनडा. समोर कोण आहे त्यावर माझं गाव ठरतं, आणि दोन्हीकडे मीच शहाणा.

लिहिलेलं पुसलं. काकांना नुसता थुजाचा फोटो पाठवला. एक अंग तपकिरी पडलंय, दुसरं हिरवं आहे. लगेच उत्तर आलं, 'नाडी सोड आता, सालीत रुतेल. तुमच्याकडे पाऊस कसाय?'

नाडी सोडायला बाहेर गेलो. गाठ आईसारखी मारली होती, सुटता सुटेना.