मावशीकडे आलेला ‘कुत्र्याला धूळ बाधत नाही’ हा मेसेज

मावशीच्या शेजारची इमारत पाडताहेत. घरभर सिमेंटची धूळ, आणि शेरूला खोकला. डॉक्टरांना फोन करण्याऐवजी मावशीने व्हॉट्सॲपवरच्या मेसेजचं ऐकलं: कुत्र्याचं नाक सगळी धूळ गाळतं, अमेरिकेतल्या ९/११च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात राबलेल्या कुत्र्यांनाही काही झालं नाही, तरी खोकला आलाच तर छातीला कापूर आणि निलगिरीचं तेल चोळा, रोज गुळाचा खडा द्या.

कापराचं आधी. अंगाला लावलेलं कुत्रं चाटून काढतं, एवढंही लिहिणाऱ्याला ठाऊक नाही? कापूर पोटात गेला की उलट्या, थरथर, वेळेला झटके येतात. निलगिरीचं तेलही विषारीच. शेरूने त्या रात्री तीनदा उलटी केली. “मी त्याचं चांगलं करायला गेले रे,” म्हणून मावशी रडत होती. असं झालं तर तेल साबणाने धुऊन काढा आणि तडक दवाखाना गाठा. घरी मुद्दाम उलटी करवू नका.

९/११चं अर्धं खरं आहे, मान्य. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सिंथिया ओटो यांनी तिथे राबलेल्या ९५ कुत्र्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०२०मध्ये निष्कर्ष आले: तिथे न गेलेल्या कुत्र्यांइतकीच ती जगली. पण ती धडधाकट, कामाला सरावलेली होती, दरवर्षी तपासली जात होती, आणि बहुतेकांचं काम थोड्या दिवसांत आटोपलं होतं. शेरू अकरा वर्षांचा आहे आणि शेजारचं बांधकाम अजून वर्षभर चालेल. रोजची घाण हवा काय करते ते मेक्सिको सिटीत दिसलंय. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या वरवर निरोगी भटक्या कुत्र्यांच्या फुफ्फुसांत सूज आणि साठलेले कण सापडले.

नाक गाळतं ते मोठे कण. बारीक कण सरळ खाली उतरतात, आणि धापा टाकताना कुत्रं तोंडानेही श्वास घेतं. पगसारख्या चपट्या नाकाच्यांचे तर आधीच हाल.

फुफ्फुसातल्या धुळीवर गूळ उपयोगी पडतो का, हे पाहणारा प्रयोग १९९४मध्ये छापून आला होता, तोही उंदरांवरचा. त्यावरून कुत्र्याला रोज गूळ?

शांत झोपेत मिनिटाला तीसच्या वर श्वास पडू लागले, हिरड्या निळसर दिसल्या, तर थांबू नका. मावशी आता रोज रात्री घड्याळ लावून मोजते. काल चोवीस भरले.