चित्रांचं पुस्तक, नग १

बाइंडरने पावतीवर 'चित्रांचं पुस्तक, नग १' असं लिहिलं, तेव्हाच मी पुस्तक उचलून परत यायला हवं होतं.

पुस्तक म्हणजे टिनटिन या चित्रकथांमधल्या नायकाचं 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न'. जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेल्या नळांच्या शेजारी सापडलेलं. गोष्टीत टिनटिनलाही युनिकॉर्न जहाजाचं छोटं मॉडेल जुन्या बाजारातच मिळतं आणि मिळताक्षणी दोघं जण ते त्याच्याकडे विकत मागायला लागतात. माझ्याकडे कुणीही मागितलं नाही. उलट नळवालाच म्हणाला, "न्या साहेब, पोराला होईल." पोरगी बंगळुरूला नोकरी करते.

पानं सुटली होती. टिनटिनच्या सिनेमाचा दुसरा भाग यायच्या आत एकदा नीट वाचून काढू, म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत बाइंडिंगला टाकलं आणि काल आणायला गेलो.

"बसा जरा, यांचं चाललंय," बाइंडर म्हणाला.

'हे' म्हणजे मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ. त्यांच्यापुढे हिरव्या कापडात बांधलेले सहा जाडजूड खंड. मला वाटलं, ज्ञानेश्वरीबिनेश्वरी असेल. विजेची बिलं होती. १९८४ पासूनची, एकेक बिल कोऱ्या पानावर डकवून, सालवार.

"हा मीटर बदलला त्या वर्षीचा," बोट जिभेला लावून पान उलटत ते मला म्हणाले. मी काहीही विचारलं नव्हतं. "हे बघा, मे महिना. एकशे बारा युनिट. माणसं सहा, फ्रीज नाही. कसे आले एकशे बारा? शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही त्यांनी. तुमचं काय आहे?"

"टिनटिन."

"तीन-तीन? पावतीवर तर एकच नग दिसतोय."

"टिन-टिन!" मी मोठ्याने म्हणालो. गल्लीतली दोन माणसं वळली. "बातमीदार आहे तो. १९२९ पासून."

"म्हणजे पेन्शनीत गेला असेल."

"त्याचं वय वाढत नाही, काका."

"माझंही वाढत नाही हो. पण बँकेला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतोच. बातम्या कसल्या देतो?"

इथे माझी पंचाईत झाली. चोवीस पुस्तकांत या बातमीदाराला बातमी देताना शोधावं लागतं. पगार कोण देतं, हेही कुणाला ठाऊक नाही. विषय बदलावा म्हणून मी सिनेमाकडे वळलो आणि चूक केली. "पहिला भाग स्पीलबर्गने काढला २०११ मध्ये. दुसरा जॅक्सन करणार होता."

"सेक्शन?"

"जॅक्सन! पीटर जॅक्सन!"

"सेक्शनला गेलं म्हणा ना मग." त्यांनी खंड मिटला. चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती. "चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली मी. सेक्शनला गेलेलं प्रकरण पाठपुरावा केल्याशिवाय हलत नाही. इनवर्ड नंबर घेतलाय का?"

हसू नका. मला राग आला तो त्यांचं बरोबर होतं म्हणून. ११ नोव्हेंबर २०११ला सिनेमा आपल्याकडे लागला, अमेरिकेच्याही महिनाभर आधी. आम्ही चार मित्र चष्म्यावर थ्रीडी चष्मा चढवून, नाक चेपून घेत बसलो होतो. शेवटी समुद्रात अजून खजिना आहे असं सूचित करून सिनेमा संपला. दोन वर्षांत दुसरा भाग येणार, यावर चहा झाला. त्या वर्षी जन्मलेला माझा भाचा आता आरशासमोर मिशी चाचपतो. पुण्याच्या मेट्रोची कोनशिला २०१६ला बसली आणि २०२२ला ती धावायलाही लागली. पुण्यात! आणि यांना कॉम्प्युटरवर एक जहाज बुडवायचंय.

त्यातून पहिल्या भागात प्रोफेसर कॅल्क्युलसच नव्हता. अख्खा माणूस गाळला. सगळं उलटसुलट ऐकणारा, नको म्हटलं तरी आपलंच घोडं दामटणारा तो बहिरा म्हातारा पुढच्या गोष्टीत येतो, म्हणून आम्ही मनाची समजूत घातली होती. समोरचे काका कानामागे तळवा धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

एवढ्यात पुस्तक आलं. लाल रेक्झिन. वाण्याची खतावणी असते तसं. उघडायला गेलो तर उघडेना. बाजूने दणदणीत शिलाई मारलेली, प्रत्येक पानाची आतली चित्रं अर्धी गिळलेली. टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक शिव्या देतोय, पण निम्म्याच. वर कडा सारख्या करायला मशीनवर कापलेल्या, त्यात एका पानावर टिनटिनच्या कुत्र्याची, स्नोईची, शेपटी गेलेली. गोष्टीत तीन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की खजिन्याचे अक्षांश-रेखांश दिसतात. मी पान उजेडात धरलं. दाभणाची भोकं दिसली.

"हे काय केलंत?"

"लहान मुलांचं पुस्तक आहे ना? मुलं ओढतात. मजबूत लागतं."

"पुस्तक माझं आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग काय झालं? टिकेल."

काकांनी आपला खंड काउंटरवर आडवा टाकला. तो तळहातासारखा सपाट उघडला. मे महिना, एकशे बारा युनिट. "अशी बांधणी करायची रे," ते बाइंडरला म्हणाले. मग माझं पुस्तक हातात घेऊन त्याचा कणा चष्म्याजवळ नेला. त्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'टिन टिन भाग १'. टाकायला आलो तेव्हा मी दुसऱ्या भागाबद्दल बडबडलो होतो, ते त्याने इमानाने लक्षात ठेवलं होतं.

"हे बघा," काका म्हणाले, "भाग एक लिहिलंय ना? आता दुसरा यायलाच पाहिजे. नाहीतर ऑडिटला काय सांगणार?"

बांधणीचे एकशे ऐंशी झाले. सोनेरी अक्षरांचे तीस वेगळे.