‘मांड्या पेटल्या तरी थांबू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की मिरामार-दोनापावल रस्त्यावरच्या सायकली घरात जातात आणि पणजी, पर्वरी, मडगावच्या इनडोअर सायकलिंग क्लासना, म्हणजे जागेवरच्या सायकलवर गाण्यांच्या तालात पेडल मारायच्या ‘स्पिन क्लास’ना, नवी माणसं येऊ लागतात. नेमका तेव्हाच व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. त्यात म्हटलंय: पहिल्याच ४५ मिनिटांत १००० कॅलरी जळतात; जेवढा घाम तेवढी चरबी, म्हणून मध्ये पाणी पिऊ नका; सीट खाली ठेवा, पाय जमिनीला टेकले पाहिजेत; बाहेर सायकल चालवणाऱ्याला इथे शिकण्यासारखं काही नाही; आणि मांड्या पेटल्या तरी थांबू नका, पहिल्या दिवशी थांबला तो कायमचा थांबला. मी या क्लासला आवडीने जाते आणि इतरांनीही यावं असं मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज खोडून काढायला हवा.

आधी कॅलरी. आपलं शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा साधारण पाव भागच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. त्या हिशेबाने ४५ मिनिटांत १००० कॅलरी जाळायच्या तर सुमारे ३८० वॅटचा जोर सलग लावावा लागेल. ते व्यावसायिक शर्यतपटूंचं काम. पहिल्यांदा बसणाऱ्याने १०० ते १३० वॅट टिकवले तर २५० ते ३५० कॅलरी होतात, आणि हा आकडा मुळीच कमी नाही. पण हजाराच्या नादात माणूस पेडल जड करणारा नॉब आवळत जातो.

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. क्लासनंतर काट्यावर कमी दिसलेलं वजन तांब्याभर पाणी प्यायल्यावर परत येतं. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत तर घाम सुकतच नाही, नुसता ठिबकतो. आणि अंग थंड होतं ते घाम अंगावर सुकला तरच. त्यात सायकल जागेवरच, वारा लागत नाही. पंख्याजवळची सायकल मागून घ्या, बाटली हाताशी ठेवा आणि घोट घोट पीत राहा.

सीटची सूचना थेट गुडघ्यांवर उठणारी आहे. आमच्या क्लासला आलेल्या एका वहिनींनी मेसेज वाचून सीट अगदी तळाशी घेतली होती. गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच त्या गुडघ्याची वाटी चोळत होत्या. ट्रेनर म्हणाला, “वहिनी, उतरा आणि सायकलच्या बाजूला उभ्या राहा बघू.” कमरेच्या हाडाइतकी सीट वर ओढून त्याने पिन खाचेत बसवली. मग त्यांना बसवून पेडल तळाशी नेलं. गुडघ्यात किंचित बाक राहिला. पेडल आडवे करून पुढचा गुडघा पेडलच्या आसावर येतो का ते पाहिलं आणि हँडल सीटपेक्षा थोडं वर घेतलं. दोन मिनिटांचं काम. ही सायकल कलंडत नाही, मग पाय टेकायचे कशाला?

बाहेर चालवणाऱ्यांचा दम चांगला असतो यात वाद नाही. २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झालेल्या आयर्नमन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीत ९० किलोमीटर सायकल असते; तशा सरावातली मंडळीही पावसात क्लासला येतात. पण पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या उतारावर पाय थांबवून सायकल सोडून देता येते, इथे नाही. बहुतेक स्टुडिओ सायकलींचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. पाय थांबवलात तरी चाक फिरतं आणि पेडल पायाला ओढत नेतं. झटकन थांबायचं तर नॉब खाली दाबायचा, तोच ब्रेक. सराईत माणसालाही हे पहिल्या दिवशी सांगावंच लागतं.

आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम जबर ताण पडला तर त्यांच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पहिल्याच स्पिन क्लासनंतर हे झालेल्या रुग्णांची नोंद केली आहे. तरुण, एरवी धडधाकट माणसांनाही ते होऊ शकतं. शरीराचा भार सीटवर असतो, जड चाक पाय फिरवत ठेवतं, दिवे मंद, गाणी मोठ्याने; मांड्या नको म्हणत असल्या तरी आपण चालूच ठेवतो. पाणी न पिता हे केलं तर मूत्रपिंडांवरचा धोका आणखी वाढतो. मेसेजमधल्या दोन सूचना एकत्र पाळणाऱ्याची मला खरंच काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या तर घाबरायचं कारण नाही. पण मांड्या सुजून घट्ट झाल्या, गुडघा वाकवता येईना किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर बाम चोळत घरी बसू नका. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा आणि स्पिन क्लास केला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर सलाइन लागलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

राहिलं ‘थांबला तो कायमचा थांबला’. मी पाहते ते उलटंच. पहिल्या दिवशी नॉब सैल ठेवून नुसते पाय फिरवणारे बहुधा पुन्हा येतात. सगळा जोर लावून क्लास संपवणारे बरेच जण नंतर दिसत नाहीत. थोडं लवकर जा, पहिलाच क्लास आहे हे ट्रेनरला सांगा, उभं राहून पेडल मारायची घाई करू नका. वीस मिनिटांत पुरे वाटलं तर नॉब सैल करा, हळूहळू पाय फिरवत श्वास जागेवर येऊ द्या आणि उतरा, ट्रेनर नाव घेऊन ‘अजून थोडं’ म्हणत असला तरी.