मागीलदारी पाच पोचत नाही

कॅमेऱ्याच्या खोक्यावर एक कुटुंब छापलेलं असतं. आई, वडील, दोन मुलं आणि एक केसाळ कुत्रा, सगळे एकाच फोनकडे बघून हसताहेत. हा फोटो कॅमेरा वायफायला जोडायला घेण्याआधी काढलेला आहे, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. जोडताना कुणी हसत नाही, आणि कुत्रा तर तिथे थांबतच नाही.

आमच्याकडे कॅमेरे आले ते नारळांपायी. देवरुखच्या पुढे आमची वाडी, घरामागे माड, आणि माडावरचे नारळ मोजणीत कमी भरायला लागले होते. माझं मत, माकडं. आमच्या ह्यांचं मत, माणूस. त्यांचा युक्तिवाद असा की माकड शहाळं फोडतं, अर्धं पितं आणि उरलेलं आपल्या डोक्यात टाकतं. गोणी भरून नेत नाही. पुरावा दोघांकडेही नव्हता. शेवटी बंगळुरात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवरून निकाल दिला, "कॅमेरे लावू." ऑनलाइन सेल चालू होता, त्यामुळे आमचा माणूस-माकड वाद पुरता रंगायच्या आत कॅमेरे दारात हजर.

इथे आमच्या घराची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या नाटकात खलनायक तेच आहे. घर जांभ्याचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती एवढ्या जाड की माजघरातून पडवीतल्या माणसाला हाक मारली तर तो फोन करून विचारतो, "काय म्हणालीस?" राऊटर आहे माजघरात, देव्हाऱ्याशेजारी, कारण इन्व्हर्टरची लाइन तिथे. फायबरची वायर ओढायला आलेल्या मुलाने, "काकी, ड्युअल बँड आहे, एकदम टॉप," असं म्हणून तो बसवला आणि जो गेला तो गेला. तेव्हापासून सासूबाई दसऱ्याला शस्त्रं-अवजारांबरोबर राऊटरलाही झेंडूचं फूल वाहतात. माझी हरकत नाही. त्या घरात सर्वांत जास्त राबणारं अवजार तेच.

पहिला कॅमेरा ओटीवर प्लगला लावला. त्याने आधी मान गोल फिरवून घर बघून घेतलं आणि मग एका बाईच्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी म्हटलं. "वायफायची माहिती द्या" अशा अर्थाचं होतं. दर थोड्या वेळाने तेच. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती बाई मघापासून काहीतरी मागतेय. बघ तरी तिला काय हवंय!"

तिला हवं होतं ॲप. ॲपला हवं होतं माझं ठिकाण. चोर माडाखाली पकडायचा, तर मी कुठे उभी आहे याची चौकशी कशाला? मुलाने सांगितलं की अँड्रॉइड फोनवर आजूबाजूची वायफाय शोधायलाही ठिकाणाची परवानगी लागते. दिली. मग ॲपने वायफायचा पासवर्ड घेतला आणि फोनवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन काढून दाखवला. या चौकोनात आपल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरलेला असतो, आणि तो कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा असतो. मी धरला. कॅमेऱ्याने मान फिरवली. मीही फिरले. चौकोन त्याला एकदाचा दिसला, त्याने "टुंग" केलं, आम्ही श्वास रोखला, आणि ॲपवर लाल अक्षरं आली: जोडणी अयशस्वी. खाली कारणांची यादी. पासवर्ड चुकला असेल. राऊटर लांब असेल. आणि तिसरं, सगळ्यांत बारीक टायपातलं: हे उपकरण ५ जी वायफायवर चालत नाही.

"मग बरोबर आहे!" आमचे हे म्हणाले. त्यांनी माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन मोबाइलचं फाइव्ह जी बंद करून टाकलं आणि विजयी मुद्रेने परत दिला. मुलगा कॉलवरून ओरडत होता, "बाबा, ते फाइव्ह जी वेगळं! ते मोबाइलच्या टॉवरचं! हे पाच गिगाहर्ट्झ!" पण कॉल मोबाइल डेटावर होता आणि डेटा नुकताच मंदावला होता, त्यामुळे पडद्यावर नुसतं तोंड उघडलेला मुलगा थिजून राहिला.

हेल्पलाइनला फोन लावला. तिकडचा मुलगा फार नम्र होता. असल्या नम्रतेने माझा धीर नेहमीच खचतो.

"मॅडम, तुमचा फोन टू पॉइंट फोरवर आणा."

"फोन माजघरात आहे."

"नाही मॅडम, बँड. तुमचा राऊटर दोन बँड देतो ना?"

"देतो. पण मला एकच नाव दिसतंय."

"तेच तर मॅडम," तो म्हणाला, आणि एवढं बोलून त्याने मला संगीत ऐकत ठेवलं.

रात्री मुलाने नीट समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. राऊटर दोन पट्ट्यांवर (बँड म्हणतात ते हेच) एकदम बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ म्हणजे आपली लाल एसटी आणि ५ म्हणजे शिवनेरी. शिवनेरी झकास पळते, पण ती आमच्या वाडीच्या फाट्यावर कशाला येईल? एसटी रमतगमत येते, पण येते. यामागे शास्त्र आहे. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब, ५ ची सहाच्याही आत. आणि भिंत, झाड, पाऊस या सगळ्यांतून पलीकडे निघायला लांब लहरीला कमी दम लागतो. आपल्याकडे २.४ चा पट्टा परवान्यातून मोकळा झाला २००५ मध्ये, आणि ५ चा आजचा ऐसपैस पट्टा २०१८ मध्ये. म्हणजे सेवाज्येष्ठतेनेही २.४ च पुढे. स्वस्त कॅमेरे बनवणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो: चित्र पाठवायला दोन-चार एमबीपीएस पुरतात, कॅमेरा टांगणार घराच्या टोकाला, मग ५ ची चिप घालून खर्च कशाला वाढवायचा?

इथपर्यंत सगळं समजूतदारपणाचं आहे. भानगड होते ती राऊटरच्या हुशारीमुळे. हल्लीचे राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणाला कुठल्या गाडीत बसवायचं ते परस्पर ठरवतात. फोन जवळ आला की त्याला ५ वर चढवतात. ॲप बघतं की फोन ५ वर आहे, आणि गरीब कॅमेऱ्याच्या वतीने तेच रुसून बसतं. माझ्या मते ज्याने हा एका नावाचा शोध लावला त्याच्या घरी एकही कॅमेरा नसणार. असलाच तर बसवायला माणूस आला असणार.

यावर एक गावठी उपाय आहे. फोन घेऊन राऊटरपासून चालत सुटायचं. ५ मध्येच दम तोडतो, फोन निमूट २.४ वर येतो, आणि तिथे उभं राहून जोडणी उरकायची. मुंबईच्या फ्लॅटमध्ये यासाठी जिना उतरून पार्किंगपर्यंत जावं लागत असेल. आमच्याकडे जांभ्याच्या कृपेने मागीलदारच्या उंबऱ्यातच काम होतं. पण फोनबरोबर कॅमेराही न्यायचा, कॅमेऱ्याबरोबर वायर, वायरीबरोबर एक्स्टेन्शन बोर्ड. पुढे हे बोर्ड घेऊन, मागे मी फोन उंच धरून, माझ्यामागे सासूबाई दोन्ही हातांत कॅमेरा धरून, आणि कॅमेऱ्यातली बाई मोठ्याने मागणं मागतेय, अशी आमची मिरवणूक माजघरातून निघाली. गडग्यापलीकडून शेजारच्या वहिनींनी डोकावून विचारलं, "काय हो, उत्तरपूजा का?"

एक कॅमेरा असा जोडला गेला. पण प्रत्येकासाठी मिरवणूक काढायची तर गुरवाला सांगणं आलं असतं. म्हणून मुलाने हुकूम सोडला: राऊटरच्या आत शिरा आणि नावं वेगळी करा.

राऊटरच्या आत शिरायचा पत्ता त्याच्या पोटाखाली चिकटवलेला असतो, १९२.१६८.१.१ असा काहीतरी. युजर ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. मुलगा म्हणाला, आधी तो बदल. २०१६ साली मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरातले असेच कारखान्यातल्या पासवर्डवर राहिलेले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडवल्या. हे ऐकून आमचे हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या माडावरून अमेरिका बंद पडू शकते?" आवाजात काळजी होती, पण थोडा अभिमानही होता. पासवर्ड बदलताना त्यांचा हात जड झालेला मी पाहिला.

आत गेल्यावर बँड एकत्र ठेवणारं बटण सापडलं, ते बंद केलं, आणि आता दोन पट्ट्यांना दोन नावं द्यायची वेळ आली. बारसं म्हटल्यावर सासूबाई पुढे सरसावल्या. "गणपती बाप्पा मोरया ठेव." टाकलं. राऊटरने घेतलं नाही. बंगळुराहून खुलासा आला की वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षराचा पाय सगळं सुटं धरून, ३ बाइट खातं. गणपती बाप्पा मोरया, मधल्या मोकळ्या जागा धरून, ५० भरतात.

"एवढं मोठं यंत्र आणि देवाचं नाव मावत नाही?" सासूबाई म्हणाल्या. "नुसतं मोरया ठेव."

मोरया मावलं, १५ बाइटमध्ये. फोनवर सुंदर देवनागरीत दिसलंसुद्धा. कॅमेऱ्याला मात्र ते वाचता येईना. बाई परत आपलं मागणं मागायला लागली. शेवटी रोमन लिपीत सरळ "घर" आणि "घर-५" ठेवलं. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलंय.

एवढं करूनही जोडणी होईना, तेव्हा मुलाने सुरक्षेच्या रकान्यात बघायला लावलं. नावं वेगळी करताना तिथे डब्ल्यूपीए-३ होऊन बसलं होतं. नवं, भक्कम आणि जुन्या पठडीतल्या कॅमेऱ्याला न झेपणारं. ते डब्ल्यूपीए-२ वर आणलं, आणि कॅमेऱ्यातल्या बाईचा सूर एकदाचा बदलला. कनेक्टेड, म्हणाली. नंतरचे कॅमेरे मग चटाचट जोडले गेले. वहिनी तोवर गडग्यावर बूड टेकून बसल्या होत्या, त्यांची निराशा झाली.

कॅमेरे आता चालतात. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच काम करतो, म्हणून ह्यांनी चहा गरम करायला ठेवला की खळ्यातलं चित्र थिजतं. चोराने फक्त चहाची वेळ साधायची. रात्री कॅमेऱ्याभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, कोळी बरोबर काचेसमोर जाळं विणतो, आणि वाऱ्याने जाळं हललं की ॲप ह्यांना झोपेतून उठवून कळवतं, "माणूस दिसला." हे टॉर्च घेऊन जातात. कोळ्याला बघून येतात. पुन्हा झोपतात.

कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हा शोध मुलाला लागला तेव्हा तो बंगळुरातून ऑफिसच्या वेळात माकडांना हाकलायला लागला. माडावरून अचानक "हाऽऽड!" असा आवाज. माकडं सुरुवातीला उधळली. आता ती जवळ येऊन ऐकत बसतात. आणि सासूबाई ताक घुसळायचं सोडून माडाखाली जातात, वर बघून विचारतात, "जेवलास का रे?" नातू मीटिंगमध्ये असतो, पण उत्तर देतो. हे सगळं गावात माहीत आहे.

राहता राहिला मूळ खटला. मागच्या आठवड्यात मागीलदारच्या कॅमेऱ्यावर अखेर ठोस पुरावा मिळाला. एक वानर येऊन थेट कॅमेऱ्यावरच बसला, आणि दुपारभर लेन्ससमोर त्याची शेपटी लोंबत होती. दुसरं काही नाही. शेपटी, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मी म्हटलं, "झालं ना सिद्ध?" ह्यांनी ते चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "शेपटीच्या पलीकडे कोण गोणी भरत होतं ते कुठे दिसतंय?"

तेव्हा आता त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला आणखी एक कॅमेरा येतोय. मुलाने या वेळी खास शोधून भारीतला मागवलाय, पुन्हा नावांचा घोळ नको म्हणून फक्त ५ वर जोडायचा. मी त्याला आठवण करून दिली की आपल्या मागीलदारी ५ पोचतच नाही.

"मग राऊटरच माडावर नेऊ," हे म्हणाले.

"न्या," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि दसऱ्याला फूल वाहायला कोण चढणार?"