लॉक फाइल डिलीट केल्याने बिल्ड दुरुस्त होत नाही

बिल्ड पाइपलाइन, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम आपोआप बांधून, तपासून पुढे पाठवणारी साखळी, लाल झाली (बिघडली) की एक सल्ला हमखास फिरू लागतो. साधारण असा: "लॉग वाचत बसू नका. कॅशे उडवा, लॉक फाइल डिलीट करा, आठवतील तेवढे पॅकेज सोर्स जोडा, सर्टिफिकेट आडवं येत असेल तर एसएसएल तपासणी बंद करा आणि रीरन मारा. डिप्लॉय अडकला तर इमेज नव्याने बिल्ड करा. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं." (पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, सोर्स म्हणजे तो उतरवण्याची जागा, कॅशे म्हणजे आधी उतरवलेल्या मालाचा साठा, लॉक फाइल म्हणजे कोणती आवृत्ती घ्यायची याची नोंद, एसएसएल तपासणी म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे का ते सर्टिफिकेटवरून पाहणं, इमेज म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्याचा गठ्ठा, आणि डिप्लॉय म्हणजे तो सर्व्हरवर चढवणं.) टीममध्ये नव्याने आलेल्यांना बऱ्याचदा हा सल्लाच पहिला धडा म्हणून मिळतो. म्हणूनच त्याचा नीट प्रतिवाद व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

लाल खूण हिरवी होते, हे खरं आहे. त्याबद्दल वाद नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक उपायाने एक तर बिघाडाचा माग पुसला जातो, नाहीतर बिल्डमध्ये जो माल जात होता तोच बदलतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती कुणाला दिसत नाही.

"लॉग वाचत बसू नका"

लोक लॉगला कंटाळतात, कारण ते शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ बहुधा "प्रोसेस एक्झिट कोड १ देऊन संपली" एवढंच सांगते आणि त्यातून काहीच कळत नाही. कारण वर असतं, पहिल्या एररपाशी. तिथून पुढच्या बाकीच्या एरर हा बहुतेक वेळा त्या पहिलीचाच गोतावळा असतो.

नूगेट या डॉटनेटच्या पॅकेज टूलचं उदाहरण घ्या. रिस्टोअर (पॅकेजं उतरवून घेणं) फसला की तो कोड देतो. एनयू११०१ म्हणजे या नावाचं पॅकेज एकाही सोर्सवर नाही, आणि कोणकोणते सोर्स पाहिले त्यांची नावंही त्याच ओळीत असतात. एनयू११०२ म्हणजे पॅकेज आहे, पण मागितलेली आवृत्ती नाही. जवळची कोणती सापडली तेही तो सांगतो. एनयू१३०१ म्हणजे सोर्सपर्यंत पोचताच आलं नाही. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. पहिल्यात नावाचं स्पेलिंग आणि सोर्सची यादी पाहायची, दुसऱ्यात ती आवृत्ती खरंच पब्लिश झाली का ते पाहायचं, तिसऱ्यात नेटवर्क, पत्ता आणि टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली). हे वाचायला अर्धं मिनिट पुरतं. वर दिलेली औषधं मात्र तिन्ही आजारांना सरसकट एकच.

"कॅशे उडवा"

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. मेव्हन या जावाच्या टूलला एखादं पॅकेज एकदा सापडलं नाही की तो त्या अपयशाची नोंद स्थानिक रिपॉझिटरीत ठेवतो आणि काही काळ पुन्हा विचारतच नाही. पॅकेज मागाहून पब्लिश झालं तरी बिल्ड फुटतच राहतो. तिथे सक्तीने पुन्हा पाहायला लावणारा पर्याय देणं योग्यच आहे. नूगेटही सोर्सची उत्तरं ३० मिनिटांपर्यंत कॅशेत धरतो, त्यामुळे आत्ताच ढकललेली आवृत्ती लगेच दिसेलच असं नाही.

पण दरवेळी कॅशे उडवणं म्हणजे निदान टाळणं. इमेज बांधणाऱ्या डॉकरमधला नेहमीचा प्रसंग पाहा. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) पॅकेजांची यादी आणणारी "एपीटी-गेट अपडेट" ही एक रन ओळ आणि "एपीटी-गेट इन्स्टॉल" ही तिच्याखालची दुसरी. पहिल्या दिवशी सगळं ठीक. काही आठवड्यांनी कुणीतरी इन्स्टॉलच्या ओळीत एक पॅकेज वाढवतं. डॉकर पाहतो की अपडेटच्या ओळीत काहीच बदललेलं नाही, म्हणून तो त्या पायरीचा आधी साठवलेला जुना थर उचलतो. त्या थरातली पॅकेजांची यादी जुनी. त्या यादीत लिहिलेली आवृत्ती आरशावरून (पॅकेजं पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) कधीच निघून गेलेली. परिणाम, ४०४, म्हणजे "सापडलं नाही". कॅशे उडवलात तर आज चालेल, आणि पुढच्या वेळी कुणी पॅकेज वाढवलं की तीच एरर पुन्हा हजर. दोन्ही कमांड एकाच रन ओळीत जोडल्या की हा दोष मुळातून जातो.

शिवाय भाड्याच्या रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) प्रत्येक जॉबला नवं मशीन मिळतं. तिथे जुनं काही आलंच, तर ते तुम्हीच ठरवलेल्या कॅशे-कीवरून (साठ्याला दिलेल्या नावावरून) परत आणलेलं असतं. त्या कीमध्ये लॉक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव नसेल, तर दुरुस्ती तिथे करायची.

"लॉक फाइल डिलीट करा"

सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत घातक.

लॉक फाइल दोन गोष्टी नोंदवते: नेमकी कोणती आवृत्ती, आणि तिचा हॅश काय. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज टूलची इंटेग्रिटी एरर किंवा नूगेटचा एनयू१४०३ याचा अर्थ असा की आज उतरवलेला माल नोंदवलेल्या हॅशशी जुळत नाही. कारण साधंही असू शकतं, उदाहरणार्थ मधल्या प्रॉक्सीने फाइल अर्धवट दिली किंवा अंतर्गत रजिस्ट्रीने (पॅकेजांच्या कोठाराने) पॅकेज पुन्हा बांधलं. पण कुणीतरी माल बदलला असेल, तर तेही याच एररमधून कळणार. लॉक फाइल डिलीट करणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर न शोधताच "जे काही आलं ते मान्य" असं लिहून देणं.

हे भय काल्पनिक नाही. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या एनपीएम पॅकेजच्या लेखकानेच १.४.१ या आवृत्तीत न संपणारा लूप घातला. ज्यांची नोंद "१.४.० किंवा त्याच्याशी सुसंगत पुढची" अशी होती आणि लॉक नव्हता, त्यांच्याकडे तो आपोआप पोचला. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबग या प्रचंड वापरातल्या पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या काही तास रजिस्ट्रीवर होत्या. त्या तासांत ज्याने लॉक फाइल पुसून रीरन मारला, त्याने तो माल स्वतःच्या हाताने घरात घेतला. जुनी लॉक फाइल तशीच ठेवणाऱ्याच्या बिल्डमध्ये तो आला नाही.

दुसरा प्रकार निरुपद्रवी असतो, पण डिलीट करून तोही सुटत नाही. "एनपीएम सीआय" ही कमांड पॅकेज डॉट जेसन (हव्या असलेल्या पॅकेजांची यादी) आणि लॉक फाइल जुळत नसतील तर थांबते. नूगेटचा लॉक्ड मोड एनयू१००४ देऊन थांबतो. हा दोष नव्हे, त्यांचं कामच ते आहे. कुणीतरी एक फाइल कमिट केली आणि दुसरी विसरलं. अशा वेळी आपल्या मशीनवर इन्स्टॉल चालवा, लॉक फाइलमधला फरक ओळीनं ओळीनं पाहा आणि मग कमिट करा. फरक दोन ओळींचा अपेक्षित असताना दोनशे ओळींचा आला, तर तिथेच थांबून विचारायचं.

लॉक फाइलमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती फार कमी जण पाहतात. एनपीएम प्रत्येक पॅकेजचा उतरवण्याचा पत्ताही तिथे लिहितो. एखाद्याच्या लॅपटॉपवर कंपनीची आतली रजिस्ट्री लावलेली असेल, तर तिचं होस्टनेम (सर्व्हरचं नाव) लॉक फाइलमध्ये जाऊन बसतं. सार्वजनिक एनपीएम रजिस्ट्रीचा पत्ता तो सेटिंगप्रमाणे बदलून घेतो, पण दुसरं कुठलं होस्टनेम मूळ सेटिंगमध्ये तसंच राहतं. मग रनरला ते नाव सापडत नाही आणि लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत. "माझ्याकडे चालतंय" या वाक्यामागे अनेकदा एवढंच असतं. लॉक फाइलमध्ये ते होस्टनेम शोधा, एका सर्चमध्ये कळेल.

"मिळतील तेवढे सोर्स जोडा, कुठून तरी मिळेल"

यामागचा समज असा की सोर्सची यादी ही क्रमवारी आहे: आधी आपला, तिथे नसेल तर बाहेरचा. बऱ्याच टूलमध्ये असं मुळीच नसतं. पिप या पायथनच्या टूलला एक्स्ट्रा इंडेक्स (पॅकेजांचा जादा सोर्स) दिला, तर तो सगळे इंडेक्स एकाच पातळीवर धरतो आणि सर्वांत वरची आवृत्ती उचलतो, मग ती कुठलीही असो. नूगेटही यादीतला क्रम पाळत नाही. एकच पॅकेज, एकच आवृत्ती दोन ठिकाणी असेल तर ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं घेतलं जातं. म्हणजे तोच कमिट, तीच फाइल, आणि आज एक माल तर उद्या दुसरा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने नेमकं हेच दाखवून दिलं. कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांची नावं शोधून त्याच नावांची पॅकेजं त्याने सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकली. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल धरून ३५ हून अधिक संस्थांच्या यंत्रणांनी ती उतरवून चालवली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्च या एआय लायब्ररीच्या नाइटली (रोज रात्री निघणाऱ्या) बिल्डवर प्रत्यक्ष हल्ला झाला. टॉर्चट्रायटन नावाचं पॅकेज त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवर होतं. कुणीतरी त्याच नावाचं पीवायपीआय या पायथनच्या सार्वजनिक इंडेक्सवर टाकलं आणि पिपने ते उचललं. २५ ते ३० डिसेंबरदरम्यान लिनक्सवर पिपने नाइटली घेणाऱ्यांच्या मशीनवरून एसएसएच कीसकट (सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या किल्ल्यांसकट) होम फोल्डरमधल्या फाइली बाहेर पाठवण्याची सोय त्या पॅकेजात होती. बिल्ड त्या वेळी हिरवाच होता.

सोर्स वाढवल्याने बिल्ड टिकाऊ होतो हेही खरं नाही. नूगेटमध्ये यादीतला एक सोर्स बंद पडला तर एनयू१३०१ येऊन अख्खा रिस्टोअर पडू शकतो, तुमचं पॅकेज त्या सोर्सवर कधीच नसलं तरी.

मग करायचं काय? कोणतं पॅकेज कुठून यायचं ते लिहून ठेवायचं. नूगेट ६.० पासून पॅकेज सोर्स मॅपिंग आहे: आपल्या प्रीफिक्सची पॅकेजं फक्त आपल्या सोर्सवरून, बाकीची सार्वजनिक गॅलरीवरून. कॉन्फिगमध्ये सोर्सच्या यादीच्या सुरुवातीला क्लिअर टाकायचं, म्हणजे मशीनवरच्या किंवा युजरच्या सेटिंगमधले सोर्स नकळत आत शिरत नाहीत. एनपीएममध्ये आतल्या पॅकेजांना स्कोप (नावाआधीचा सामाईक भाग) द्यायचा आणि तो स्कोप एकाच रजिस्ट्रीला बांधायचा. पिपला एकच इंडेक्स द्यायचा, आतलाच, आणि बाहेरचा माल त्याच्यामार्फत आणायचा.

आणि "सापडलं नाही" या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. खाजगी पॅकेज टोकनशिवाय मागितलं तर एनपीएम बहुधा ४०४ देतो, कारण ते अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून सोर्स वाढवण्याआधी टोकनची मुदत पाहा. फोर्कवरून (बाहेरच्याने घेतलेल्या कोडच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टना (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांना) गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये सीक्रेट मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. "मेन ब्रांचवर चालतं, बाहेरच्या पुल रिक्वेस्टवर फुटतं" याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

कधी सोर्सच हललेला असतो. सेंटओएस ८ या लिनक्सची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली आणि पुढच्या महिनाअखेरीस त्याच्या रिपॉझिटरी नेहमीच्या आरशांवरून काढून आर्काइव्हमध्ये गेल्या. त्यावर बांधलेल्या इमेजचे बिल्ड तेव्हा एका रात्रीत फुटले. तिथे आणखी आरसे जोडून काही होत नाही, बेस इमेज बदलावी लागते.

"एसएसएल तपासणी बंद करा"

३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट मुदतबाह्य झालं आणि फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेट वापरणाऱ्या साइटशी जुन्या ओपनएसएसएलच्या मशीन बोलेनाशा झाल्या. त्या दिवसांत तपासणी बंद करण्याचे तोडगे भराभर पसरले आणि कित्येक स्क्रिप्टमध्ये कायमचे राहिले. तपासणी बंद केली की समोर कोण आहे हे न पाहताच रनर आपलं टोकन त्याच्या हवाली करतो. उपाय अवघड नाही: इमेजमधला सर्टिफिकेट संच अद्ययावत करा, आणि कंपनीची प्रॉक्सी मध्ये असेल तर तिचं रूट सर्टिफिकेट त्या संचात घाला. नोडला जादा सर्टिफिकेटची फाइल एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने देता येते, पिपलाही सर्टिफिकेट फाइलचा पर्याय आहे.

"रीरन मारा"

समोरच्या सर्व्हरने ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) दिला असेल तर खुशाल मारा. ४२९ (फार वेळा मागितलं) आला असेल तर नको. डॉकर हब या इमेजांच्या सार्वजनिक कोठाराने नोव्हेंबर २०२० पासून मर्यादा लावायला सुरुवात केली: लॉगिन न करणाऱ्यांना तेव्हा सहा तासांत १०० पुल (इमेज उतरवणं), तेही आयपी पत्त्यामागे. सामाईक रनरवर तो पत्ता तुमच्यासारख्या अनेकांचा असतो. पुन्हा पुन्हा आदळून मर्यादा लवकर उठत नाही. लॉगिन करा किंवा बेस इमेज आपल्या रजिस्ट्रीत आणून ठेवा.

"डिप्लॉय अडकला तर इमेज नव्याने बिल्ड करा"

अनेक मशीनवर कंटेनर (इमेजवरून चालणारे प्रोग्रॅम) चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये इमेजपुलबॅकऑफ दिसतं तेव्हा नोडला (त्यातल्या एका मशीनला) इमेज उतरवताच आलेली नसते. टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव) चुकलेला, पुल सीक्रेट (उतरवण्यासाठीचं टोकन) नाही, नाहीतर रजिस्ट्रीपर्यंत रस्ता नाही. पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाच्या) डिस्क्राइबमधले इव्हेंट यातलं कोणतं ते सांगतात. नव्या बिल्डचा याच्याशी संबंधच नाही.

क्रॅशलूपबॅकऑफमध्ये इमेज उतरलेली असते आणि आतला प्रोग्रॅम पडतो. तिथे आधीच्या कंटेनरचा लॉग मागवायचा. एक्झिट कोड १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला बाहेरून मारलं गेलं, आणि सोबत ओओएमकिल्ड लिहिलेलं असेल तर मेमरी कमी पडली. "एक्झेक फॉरमॅट एरर" दिसली तर बहुधा एआरएम लॅपटॉपवर बांधलेली इमेज एएमडी६४ (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या) सर्व्हरवर गेली आहे. त्याच लॅपटॉपवर कितीही वेळा बिल्ड केली तरी प्लॅटफॉर्म सांगितल्याशिवाय ती तशीच येणार.

आणि समजा, नव्याने बिल्ड केलीतच, त्याच टॅगने. डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये टॅग तोच, म्हणून कुबरनेटीसच्या लेखी काहीच बदललं नाही आणि रोलआउट सुरूच होत नाही. पॉड हाताने उडवलात, तरी लेटेस्ट सोडून इतर टॅगना मूळ पुल पॉलिसी "नसेल तरच उतरव" अशी असते. ज्या नोडवर जुनी इमेज आहे तिथे जुनीच चालते, नव्या नोडवर नवी उतरते. एकाच टॅगखाली दोन वेगळे प्रोग्रॅम ग्राहकांना उत्तरं देत राहतात आणि डॅशबोर्डवर दोन्हींचं नाव एकच दिसतं. डिप्लॉयमेंटमध्ये टॅगऐवजी इमेजचा डायजेस्ट (तिचा हॅश) लिहिला, आणि चाचणीत पास झालेली तीच इमेज पुढे प्रॉडक्शनला नेली, तर कोणत्या नोडवर काय चालू आहे हे विचारावं लागत नाही.