अरे काच नाही, नायलॉन पितं पाणी!

डोकं फिरलंय आज. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमच्या वर्कशॉपमध्ये कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रावण) पंपाचे लोखंडी ब्रॅकेट यंदा एप्रिलमध्ये काढून नायलॉनचे बसवले, ३० टक्के ग्लासवाले, म्हणजे आत काचेचे बारीक तंतू घातलेले, कारण सप्लायर म्हणाला हलके आहेत, गंजत नाहीत, आणि कागद पुढे केला, ताकद १९० एमपीए (मेगापास्कल, म्हणजे तुटण्याआधी किती ताण सोसतं ते). लोड लावून बघितलं, एकदम ओके. आणि जुलैपासून एकेक वाकायला लागला, बोल्ट ढिले, पंप थरथरतोय, काल रात्रपाळीत एक ब्रॅकेट भोकापासून फाटला आणि पंप ऑपरेटरच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. वीतभर!

सप्लायरला फोन केला तर म्हणतो, "साहेब, अंदर तो काच छे, पाणीथी कंई नै थाय, तमे बोल्ट वधारे टाइट कर्यो." अरे, काच नाही पीत पाणी, नायलॉन पितं! पाणी आत शिरून नायलॉनच्या साखळ्यांमध्ये जाऊन बसतं, त्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि माल मऊ पडतो, वर काच नि नायलॉन जिथे चिकटलेले असतात तिथेही ते घुसतं, मग लोड काचेपर्यंत नीट पोचतच नाही. जाड पार्टमध्ये हे व्हायला आठवडे, महिने लागतात, म्हणून तर एप्रिलमधल्या कोरड्या नव्या पीसमध्ये काही दिसलं नाही.

त्याचा राग येतो, पण जास्त राग त्या कागदाचा. ३० टक्के काचवाल्या नायलॉन ६६ च्या (नायलॉनचीच एक जात) डेटाशीटवर १९० च्या शेजारीच दुसरा कॉलम असतो, ओलावा घेतल्यानंतरचा, तिथे साधारण १३० असतात. तिसरा हिस्सा गेला! आणि तो आकडाही २३ डिग्री, ५० टक्के दमट हवेतला. बडोद्यात ऑगस्टमध्ये कुठे असते अशी हवा? त्यात आमच्या ब्रॅकेटवर दिवसभर कूलंट ठिबकतं, म्हणजे बहुतेक पाणीच. ओलं नायलॉन आपटलं तर लवकर तडकत नाही हे मान्य, पण ब्रॅकेटला चोवीस तास वजन धरून ठेवायचं असतं हो.

मेल टाकला, दुसरा कॉलम पाठवा. चार तासांनी उत्तर आलं, परत तोच १९० चा कागद, खाली "फुल्ली टेस्टेड". आमच्या परचेसवाल्यांनाही तेवढंच पुरतं, रेट कमी आहे ना.

सकाळी सगळे उतरवतोय. जुने लोखंडी स्टोअरमध्ये पडलेत, तेच लावणार, गंजले तर गंजू देत.