भाडेकरूच राहणार, मग प्लाय कशाला?

घोडबंदर रोडवर एखादा वन बीएचके 'गुंतवणूक' म्हणून घेऊन ठेवलेल्या समस्त घरमालकांनो, जुना भाडेकरू गेला, ट्रॉल्या गंजल्या आणि ब्रोकर म्हणाला, "सर, किचन नवीन करून घ्या, भाडं वाढवून देतो," तर घाबरू नका. किचन टिकलं पाहिजे असं तो कुठे म्हणालाय? ते ॲग्रीमेंटवर सह्या होईपर्यंत चमकलं पाहिजे. आमच्या घरमालकांनी हे नुकतंच करून दाखवलं. त्यांच्या अनुभवाचा लाभ तुम्हालाही मिळावा म्हणून हे चार शब्द.

सर्वप्रथम ओट्याखालचा जुना कडप्पा, म्हणजे काळ्या दगडाचे कप्पे, फोडून टाका. तो पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, वीस-पंचवीस वर्षं मुकाट्याने उभा राहतो. पण फोटोत काळा दिसतो. असली वस्तू घरात ठेवून भाडं वाढतं का?

डिझाइनला पैसे घालवू नका. २०२० च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलंय. रविवारी सहकुटुंब जा, पांढऱ्याशुभ्र किचनचे फोटो काढा, मुलांना खाऊ घाला आणि परत या. मग ते फोटो नाक्यावरच्या सुताराला दाखवून म्हणा, "सेम टू सेम, पण निम्म्यात." तो हो म्हणेल. तो कशालाही हो म्हणतो.

चिमणी जरूर लावा. तिचा पाइप बाहेर काढायची गरज नाही.

ट्रॉल्यांच्या जाळ्या ३०४ ग्रेड स्टीलच्या कशाला? स्वस्तातल्या २०२ च्या घ्या. सुरुवातीला दोन्ही सारख्याच चकाकतात.

आता मुख्य मुद्दा. सुतार विचारेल, "प्लाय की बोर्ड?" इथे अनेक मालक भावनेच्या भरात प्लाय म्हणून बसतात. तुम्ही पार्टिकल बोर्ड म्हणा. लाकडाचा चुरा गोंदात कालवून दाबला की बोर्ड तयार, आणि वर सनमायका चढला की आत काय आहे हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, आणि त्या दर्जासाठी त्याचा नमुना म्हणे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. आता तुमचा भाडेकरू आमटी उकळणार वीस मिनिटं. त्याला ७२ तासांचा प्लाय हवाय कशाला?

हा बोर्ड सगळीकडे वापरा, पण सिंकखाली न विसरता वापरा. सिंकच्या पाइपसाठी भोक पाडलं की त्याची कड उघडीच राहू द्या. एज बँडिंग, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, समोरून दिसेल तेवढीच. पाइपही तो हलका, वळणारा, जॉइंटला टेप गुंडाळलेला. मग जून उजाडू द्या. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातला पापड सादळतो, बोर्डाची काय कथा! जॉइंट थेंब-थेंब गळतो, तळाची फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगते, सनमायका सुटतो, दार खाली घासायला लागतं. मग बिजागरीचे स्क्रू निघून येतात, आणि पार्टिकल बोर्डातून एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही, कारण धरायला आत लाकूड असावं लागतं. त्या ओल्या भुशात झुरळं बिऱ्हाड करतात. त्यांना ब्रोकरेज पडत नाही.

भाडेकरूने फोटो पाठवला तर उत्तर द्या, "बघतो." दुसऱ्यांदा पाठवला तर निळ्या टिका पुरे. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच प्लंबर आणला तर नाराज व्हा: "मला न विचारता कशाला हात लावलात?" आणि तो घर सोडेल त्या दिवशी टॉर्च घेऊन सिंकखाली वाका, जन्मात पहिल्यांदाच ते दार उघडल्यासारखा चेहरा करा, आणि जाहीर करा की भाडेकरूने किचन पाण्याने खराब केलं. डिपॉझिटमधून पंधरा हजार कापा.

पाण्याने खराब केलं! सिंकखालचं कपाट! तिथे पाणी येणार नाही तर काय वाळू येणार? आम्ही तिथे मासे पाळले होते का?

कायद्याचंही थोडं ज्ञान हवं. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना भाडेकरू कायदा काढला. त्याच्या परिशिष्टात किचनमधल्या फिटिंगची दुरुस्ती भाडेकरूकडे टाकली आहे. तेवढं पान तोंडपाठ करा. गरज पडेल तेव्हा पाण्याचे पाइप बदलणं मालकाकडे आहे, आणि राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असंही त्यातच लिहिलंय. ती पानं चिकटून बसली होती म्हणून सांगा.

कप-बशांची जाळी द्या, पण कुकर किंवा दळणाचा डबा मावेल असा एकही कप्पा ठेवू नका.

आणि काका, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे, कारण सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकणार आहे. पैसे नव्हते म्हणून तुम्ही असं केलंत, असं मला सांगू नका. तो कडप्पा तसाच ठेवून त्याला ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं लावली असतीत, तर बोर्डाचा आणि फोडाफोडीचा खर्चच वाचला असता. फोडायचाच होता तर निदान सिंकखालचं एक कपाट मरीन प्लायचं करायचं, नाहीतर पीव्हीसीचं. एक कपाट! बाकी लावा हवा तेवढा भुसा, वरच्या कोरड्या कपाटांत तो चालतोही. हे तुम्हाला कळत नव्हतं असंही नाही. ॲग्रीमेंटवर सही करायला मुलुंडला तुमच्या घरी आले होते तेव्हा काकूंना कप ठेवायला मदत केली मी. तुमच्या स्वतःच्या सिंकखाली कडप्पा आहे.

परवा वॉचमन सांगत होता, तोच सुतार पुन्हा येऊन माप घेऊन गेला आणि नव्या भाडेकरूसाठी तोच बोर्ड येतोय. अहो, लाज वाटू द्या थोडी. पंधरा हजार माझे आहेत, ते परत करा. नसतील करायचे तर त्यांतून त्या बिचाऱ्यासाठी प्लाय तरी आणा.